बाटलीवरचं गाव

(सामुदायिक रेडिओवरील 'गटाच्या गोष्टी' या सदरातील भाषण)

देवपूरहून मी तुमची बचत गटाची समन्वयक बोलते आहे. दुपारची वेळ आहे. कुणापुढे निवडायची डाळ असेल, कुणी नुकतीच शेतातून येऊन टेकली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, समन्वयक ताईंना झालंय तरी काय? विषय आहे वाइन. द्राक्षाची वाइन. आता हा विषय आला कुठून, ते आधी सांगते.

साक्री तालुक्यातल्या आपल्या एका गटातल्या मावशी पुढच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी युरोपात चालल्या आहेत. लेक-जावई तिकडे नोकरीला आहेत. जावयांनी फोनवर सांगितलं, "आई, इकडे प्रत्येक गावाची वाइन वेगळी आणि नावाजलेली. परत जाताना दोन बाटल्या घेऊन जा, पुण्याच्या काकांना द्यायला." मावशींनी बैठकीत प्रश्न टाकला, "मी जन्मात बाटलीला हात लावला नाही. चांगली कोणती, नुसत्या नावाची कोणती, मला काय कळणार? आणि आणावी तरी का?"

निम्म्या बायका हसल्या. पण एक ताई रागावल्या. त्या म्हणाल्या, "गावातली बाटली आडवी करायला आम्ही पायपीट केली, आणि तुम्ही इथे बाटली कशी निवडायची ते शिकवणार?"

बहिणींनो, मला दोघींचंही म्हणणं पटलं. म्हणून आज दोघींनाही उत्तर देते. आधी रागावलेल्या ताईंना.

ताई, तुमचा राग खरा आहे. आपल्या राज्यात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी दुकानाच्या विरोधात मत दिलं तर ते दुकान बंद होतं. उभी बाटली, आडवी बाटली हे मतदान आपल्या अनेक गावांनी पाहिलं आहे. ते मिळवायला बायकांनी काय सोसलं, ते मी सांगायला नको. आणि वाइन ही दारूच आहे, यात लपवाछपवी नको. व्हिस्कीसारख्या दारूत चाळीस-बेचाळीस टक्के मद्यार्क असतो, तर साध्या वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के. प्रमाण कमी आहे, पण वस्तू तीच. "रोज थोडी घेतली तर हृदयाला चांगली" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं की मद्याचं अमुक इतकं प्रमाण आरोग्याला सुरक्षित, असं काही नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं तर तिच्या वाटेला जाऊच नये. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा विरोध झाला ते तुम्हाला आठवत असेल. द्राक्षवाल्यांचा फायदा एका बाजूला आणि घराघरातली काळजी दुसऱ्या बाजूला, असा तो वाद होता.

तेव्हा मी प्या असं सांगायला आलेली नाही. मी सांगणार आहे ते वस्तूवरचं गाव वाचायला. कारण गावाच्या नावाला भाव कसा येतो, आणि त्या नावाखाली फसवणूक कशी होते, हे वाइनच्या धंद्यानं जगात फार आधी ओळखलं. ती विद्या आपल्याला दोन ठिकाणी उपयोगी आहे. परगावी काही विकत घेताना, आणि आपला पापड-मसाला विकताना.

तर आधी आपल्या शेजारी बघू. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या आसपास. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडे द्राक्ष किती, ते आपल्यातल्या बऱ्याच जणींनी एसटीच्या खिडकीतून पाहिलं आहे. पण खायचं द्राक्ष वेगळं आणि वाइनचं वेगळं. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं. खायला घेतलं तर तुम्ही म्हणाल, ह्यात आहे काय? पण वाइनचा रंग त्या सालीतून येतो. काळं द्राक्ष घरी सोलून बघा, आतला गर फिकटच असतो. रस सालीसकट आंबवला की तांबडी वाइन, साल आधीच बाजूला काढली की पांढरी. पाव ज्यानं फुगतो तसलंच यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचा मद्यार्क करतं. यात जादू काही नाही. लोणचं-पापड करणाऱ्या बाईला आंबवणं, मुरवणं, भांडं स्वच्छ ठेवणं हे कुणी शिकवायला नको.

नाशिकला हे का जमलं? थंडीत तिथे दिवसा ऊन असतं आणि रात्री चांगला गारठा पडतो. त्यानं द्राक्षात गोडी भरते आणि आंबटपणाही टिकतो. युरोपात वेलीची मुख्य छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात होते आणि द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निघतं. आपल्याकडे छाटण्या दोन, एप्रिलची आणि ऑक्टोबरची, आणि वाइनचं द्राक्ष जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. ह्या छाटणीच्या मागची कामं, विरळणी, काढणी, ह्यात बायकांचे हात किती असतात ते वेगळं सांगायला नको. आपल्या भागातूनही मजुरीला जाणाऱ्या आहेत. बाटलीवर त्यांचं नाव नसतं, पण बाटलीत त्यांचे कष्ट असतात.

नारायणगावच्या बाजूला १९८० च्या दशकातच वाइनचा कारखाना उभा राहिला होता. नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात सुला कंपनीनं १९९० च्या दशकात वेली लावल्या आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. आज लोक पैसे मोजून नाशिकचे मळे बघायला येतात, चार घोट चाखतात आणि जाताना बाटली घेऊन जातात. आणि महत्त्वाचं म्हणजे 'नाशिक व्हॅली वाइन' ह्या नावाची भौगोलिक मानांकनात नोंद झाली आहे.

भौगोलिक मानांकन म्हणजे काय? लोक त्याला जीआय म्हणतात. एखादी वस्तू ठरावीक मुलखातच तशी होते, तिथल्या मातीमुळे, हवेमुळे किंवा तिथल्या हातांमुळे, असं सिद्ध झालं की त्या मुलखाचं नाव कायद्यानं राखून ठेवतात. मग बाहेरच्यानं ते नाव आपल्या मालावर लावायचं नाही. आपल्या देशात हा कायदा १९९९ चा. तो २००३ पासून लागू झाला आणि सगळ्यात आधी दार्जिलिंगच्या चहाची नोंद झाली. नोंदीचं कार्यालय चेन्नईला आहे.

आता तुम्ही म्हणाल, मातीनं असा काय फरक पडतो? अहो, हे आपल्याला कुणी सांगायला पाहिजे का? भरिताचं वांगं म्हटलं की असोद्याचं, बामणोदचं. तेच बी दुसरीकडे लावून बघा. वांगं येईल, पण भाजल्यावर तसा गर नाही, तशी चव नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला मानांकन आहे. जळगावच्या केळीला आहे. नंदुरबारकडच्या नवापूरच्या तूरडाळीला आहे. म्हणजे फ्रान्समधला शेतकरी आपल्या द्राक्षाबद्दल अभिमानानं जे सांगतो, तेच आपली आजी वांग्याबद्दल सांगत होती. फरक एवढाच की त्यानं ते लिहून, नोंदवून ठेवलं.

त्यानं का नोंदवलं, ह्याची एक गोष्ट ऐका. पोर्तुगाल देशात दोरू नावाची नदी आहे. तिच्या काठच्या उतारांवर द्राक्षाचे मळे. तिथली वाइन पिंपांत भरून नदीनं पोर्तो शहरात येई आणि तिथून इंग्लंडला जाई. म्हणून तिचं नाव पोर्ट पडलं. भाव चांगला मिळू लागला तशी भेसळ सुरू झाली. कुठलीही हलकी वाइन घ्यायची, रंग यावा म्हणून दुसऱ्याच जंगली फळांचा रस घालायचा आणि पोर्ट म्हणून विकायची. गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला, भाव कोसळला आणि मार बसला खऱ्या शेतकऱ्याला. तेव्हा १७५६ साली तिथल्या सरकारनं त्या मुलखाची हद्दच आखून टाकली. पुढच्या काही वर्षांत त्या हद्दीवर दगडी खांब रोवले. बांधावर आपण दगड रोवतो ना, तसे. ह्या खांबांच्या आत पिकलेली तेवढीच खरी, बाहेरची नाही. त्यातले काही खांब आजही तिथे उभे आहेत.

आता आपल्याकडे या. गोव्याला सहलीला गेलेले लोक 'पोर्ट वाइन' म्हणून एक गोड, तांबडी, स्वस्त बाटली घेऊन येतात. तिचा त्या नदीशी आणि त्या खांबांशी काही संबंध नाही. आवडली तर आवडली, पण पोर्तुगालची म्हणून कुणाला देऊ नका. गोव्याची स्वतःची खरी वस्तू म्हणजे काजूची फेणी. तिला २००९ मध्ये मानांकन मिळालं. तसंच शॅम्पेनचं. उसळणाऱ्या फेसाची प्रत्येक वाइन म्हणजे शॅम्पेन नव्हे. शॅम्पेन हा फ्रान्समधला एक मुलूख आहे, आणि तिथे, तिथल्या नियमानं झाली तरच ती शॅम्पेन. बोर्दो हेही गावाचंच नाव. म्हणजे आपण ज्याला वाइनचं नाव समजतो, ते बहुतेक वेळा गावाचं किंवा मुलखाचं नाव असतं.

आता मावशींना उत्तर. मावशी, चव घ्यायची गरज नाही. वाचता आलं आणि विचारता आलं की झालं. चार प्रश्न लक्षात ठेवा. कुठलं? कुणी केलं? कधीचं? खूण कुणाची?

पहिला प्रश्न, कुठलं. बाटलीच्या कागदावर मुलखाचं नाव शोधा. नुसतं देशाचं नाव असेल तर ती ठिकठिकाणच्या मालाची मिसळ असू शकते. मुलूख जितका लहान आणि नेमका लिहिलेला, तितकी सांगणाऱ्याची जबाबदारी मोठी. आपण 'महाराष्ट्राचा आंबा' म्हणणं वेगळं आणि 'देवगडचा हापूस' म्हणणं वेगळं.

दुसरा, कुणी केलं. ज्यानं द्राक्ष पिकवलं त्यानंच वाइन केली का, आणि तिथेच बाटलीत भरली का? युरोपातल्या बऱ्याच बाटल्यांवर 'मळ्यावरच बाटलीत भरली' अशा अर्थाची ओळ असते. ती लेकीला वाचून दाखवायला सांगा. केली एकीकडे आणि भरली दुसरीकडे, असं असलं तर माल वाईटच असेल असं नाही, पण आपल्याला माहीत असावं. आणखी एक ऐका, हे तुम्हाला आवडेल. फ्रान्स, इटली, पोर्तुगाल, जर्मनी ह्या देशांत लहान शेतकऱ्यांच्या सहकारी वाइनरी आहेत. दोन-दोन एकरवाले एकत्र येतात, द्राक्ष एका ठिकाणी आणतात आणि एका नावानं विकतात. आपल्या गटासारखंच. अशा ठिकाणची बाटली बहुधा परवडणारी असते आणि पैसा शेतकऱ्याच्या घरी जातो. लेकीला विचारा, जवळपास असं एखादं गाव आहे का. बाळ-बाळंतीण ठीक असली तर रविवारची फेरीही होईल.

तिसरा, कधीचं. वाइनच्या बाटलीवर साल लिहिलेलं असतं ते द्राक्ष काढणीचं. जुनी तितकी चांगली, असं लोक म्हणतात. सगळ्यांच्या बाबतीत ते खरं नाही. रोजच्या जेवणाबरोबरची बहुतेक वाइन, त्यातून पांढरी, दोन-तीन वर्षांतच प्यायची असते. काहीच मोजक्या वर्षानुवर्षं मुरतात. कैरीचं ताजं लोणचं आणि मुरांबा यांत जो फरक, तोच. दुकानात उन्हात, काचेच्या कपाटात वर्षभर उभी असलेली बाटली घेऊ नका. ऊन आणि उष्णता तिला मारते.

चौथा, खूण कुणाची. युरोपात मुलखाची नावं कायद्यानं राखलेली असतात आणि बाटलीवर तसा शब्द छापलेला असतो. फ्रान्समध्ये एओसी किंवा एओपी, इटलीत डीओसी किंवा डीओसीजी, पोर्तुगालात डीओसी. अक्षरं वेगळी, अर्थ एकच, की ह्या नावाला नियम आहेत. सोनेरी कागदाचे गोल बिल्ले मात्र सावकाश बघा. कुठल्या स्पर्धेचा, कोणत्या सालचा, हे नीट लिहिलेलं नसेल तर तो नुसता शोभेचा. जाडजूड काचेची बाटली आणि उंची खोकं ह्यांनाही भुलू नका. दिवाळीत मिठाईच्या खोक्याचे पैसे आपण कितीदा मोजतो!

आणि शेवटी, दुकानदाराला एक साधी गोष्ट विचारायची: "तुमच्या गावची माणसं सणाला घरी कोणती आणतात?" ह्या प्रश्नाचं उत्तर देताना दुकानदार खुलतो. विमानतळावर मात्र सगळ्यात शेवटी बघा. तिथे मोठ्या कंपन्यांचा माल जास्त, लहान गावाचा कमी.

आता आणण्याचे नियम. विमानात हातातल्या पिशवीत १०० मिलीलीटरपेक्षा मोठी पातळ वस्तूची बाटली चालत नाही. जातानाचं लोणचं आणि तूपसुद्धा मोठ्या बॅगेतच टाका, नाहीतर तपासणीच्या टेबलावर राहील. येताना बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवायची. कर न भरता एका मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत आणता येतं. साधी बाटली ७५० मिलीलीटरची. म्हणजे दोन झाल्या दीड लिटर, तिसरीला हिशेब ओलांडला. निघण्याआधी नियम एकदा पाहून घ्यायचा आणि बिल जपून ठेवायचं.

आणि आपल्या खान्देशातल्या माणसांनी एक गोष्ट गाठीला बांधायची. आपलं निम्मं गणगोत सुरतेला. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. नवापूर ओलांडलं की परवान्याशिवाय बाटली जवळ असणं हा गुन्हा. नाशिकला घेतलेली असो की परदेशातून आणलेली, भेट म्हणून असो की रिकाम्या कौतुकाची. सुरत किंवा अहमदाबादच्या विमानतळावर उतरणार असाल तर बाटलीचा विचारच सोडा. आपल्या राज्यातही वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत बंदी आहे. सेवाग्रामची सहल काढली तर लक्षात असू द्या. पोरांनाही हे सांगून ठेवा. पर्यटन म्हणून चार पोरं नाशिकला जातात आणि तशीच गाडी सुरतेला वळवतात. मग पोलीस ठाण्यात धावपळ आईबापाची.

आणि मावशी, बाटली आणायची नाही असं ठरवलंत तरी हरकत नाही. जावयांना सरळ सांगा, "मी गावात दारूविरुद्ध मत दिलं, माझ्या बॅगेत बाटली नको." जावई समजून घेतील. भेट द्यायचीच तर ऑलिव्हचं तेल घ्या. त्यावरही हेच चार प्रश्न चालतात, आणि युरोपात अशा राखीव नावाच्या खाण्याच्या वस्तूंवर तांबड्या-पिवळ्या रंगाचा गोल शिक्का असतो. तो ओळखायला इंग्रजी लागत नाही.

हेच चार प्रश्न आपल्या इथल्या खरेदीलाही लावा. शिर्डीला गेलो की येवल्याला पैठणी बघायला जातोच. पैठणीचा पदर उलटा करा. हातमागाच्या पदरावर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मागून धागे लोंबत असतील, कापलेले असतील, तर ती यंत्रावरची. यंत्रावरची घ्यायची तर घ्या, पण यंत्राच्या भावानं. हापूसचं तेच. २०१८ साली हापूसला मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांसाठी. पेटीवर रत्नागिरी छापलेलं आणि आत आंबा भलतीकडचा, हे दरवर्षीचं आहे. बागायतदाराचं नाव-गाव विचारा. आणि सोन्याचं तर आपल्यालाच लोक विचारतात! जळगावचं सोनं म्हणून लांबून माणसं येतात. पण तिथेही आपण हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षर-अंकांचा नंबर बघतोच ना? नावावर विश्वास ठेवायचा आणि खूण तपासायची. दोन्ही लागतं.

आता बहिणींनो, ताट फिरवू. आतापर्यंत आपण गिऱ्हाईक होतो. आता दुकानाच्या ह्या बाजूला या.

आपल्या गटाचे उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, काळा मसाला, मिरचीपूड, कळण्याचं पीठ. ह्यातलं किती आपण सुट्या पिशवीत, बिननावाचं विकतो? व्यापारी किलोच्या भावानं घेऊन जातो, आपल्या पिशवीवर स्वतःचं लेबल लावतो, आणि शहरातल्या दुकानात त्यावर मोठ्या अक्षरात 'खान्देशी' असं छापलेलं असतं. गाव नाही, बाईचं नाव नाही, गटाचं नाव नाही. नाव आपल्या मुलखाचं, कष्ट आपले आणि नावाचा भाव तिसऱ्याचा. दोरू नदीच्या शेतकऱ्याचं जे झालं होतं, तेच इथे रोज होतंय. फक्त आपण खांब रोवलेले नाहीत.

खांब रोवले की काय होतं, तेही आपल्याच मुलखात दिसलं आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मानांकन मिळालं. २०२१ साली तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. केळी आपण पूर्वीही पिकवतच होतो. पण ह्या केळीबरोबर गावाचं नाव आणि त्याचा दाखलाही गेला.

म्हणून आपल्या पिशवीलाही तेच चार प्रश्न विचारा. कुठलं? गाव, तालुका, जिल्हा लिहा. कुणी केलं? गटाचं नाव आणि फोन. कधीचं? करण्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील ती तारीख, वजन आणि किंमत. खूण कुणाची? अन्न सुरक्षेचा चौदा आकडी नंबर. लहान उत्पादकांना त्यासाठी सोपी नोंदणी आहे. ती कशी करायची हे उमेद किंवा माविमच्या ताईंना विचारा, माझ्याकडे आलात तर मीही सोबत बसेन. ज्वारी कुणाच्या शेतातली, मिरची दोंडाईच्याच्या बाजारातली की नंदुरबारची, हे एका ओळीत लिहिता आलं तर जरूर लिहा. महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात मुंबईची गिऱ्हाईक बाई हेच विचारते, "ताई, हे तुम्ही स्वतः केलंय? कुठल्या गावचं?" तिला उत्तर पिशवीवर छापून मिळालं तर ती पुढच्या वर्षी पुन्हा शोधत येते.

एक सावधगिरी मात्र हवी. मानांकन असलेलं नाव मिळेल तसं छापायचं नाही. मानांकन सगळ्या मुलखाचं असतं, पण ते वापरायला उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. नवापूरची तूरडाळ म्हणून विकायची तर ती नवापूरचीच हवी आणि नोंदही हवी. दुसऱ्यानं आपल्या नावावर खोटा माल विकला की आपण चिडतो. आपणही कुणाच्या नावावर विकायचं नाही. बाहेरची स्वस्त डाळ आणून पापडात मिसळली तर पहिल्या खेपेला चार पैसे सुटतील, पण गावाचं नाव एकदा गेलं की ते एका गटाचं जात नाही, सगळ्या गटांचं जातं.

तर पुढच्या बैठकीसाठी एक काम. प्रत्येकीनं घरातली एक परगावची वस्तू आणायची. यात्रेतून आणलेली, सहलीतून आणलेली, काहीही. साडी, डबा, मसाला, पेढ्याचा पुडा. तिला हे चार प्रश्न विचारायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी वाचणारी बसेल. त्यानंतर आपल्या गटाची पिशवी मधे ठेवायची आणि तिलाही तेच विचारायचं. ज्या प्रश्नाला पिशवी गप्प राहील, तो वहीत लिहून घ्यायचा. महिनाभरात तेवढं लेबल दुरुस्त करून घेऊ. छपाईचा खर्च गटाच्या निधीतून करायचा की सगळ्यांनी वाटून, ते त्याच बैठकीत ठरवा.

रागावलेल्या ताईंनीही यावं. त्यांचा आवाज मोठा आहे, वाचून त्यांनीच दाखवावं.

पुढच्या आठवड्यात ह्याच वेळेला भेटू. तोपर्यंत नमस्कार.